विकायचं फूल: पिओनीचे वाण आणि आपला झेंडू

आजचा विषय फुलांचा आहे. मात्र देवघरातलं फूल किंवा कवितेतलं फूल आज आपण बाजूला ठेवू. आज बोलायचं आहे ते विकायच्या फुलाबद्दल. शेतातून तोडलं, गाडीत घातलं, बाजारात गेलं, कुणीतरी घेतलं आणि दोन दिवसांनी टाकून दिलं, असं जे फूल असतं त्याचा इतिहास काय? त्याची जात कोण ठरवतं? आणि त्या ठरवण्याची किंमत कोण भरतं? तत्त्वज्ञानाच्या माणसाने फुलबाजारात का शिरावं, असं कुणी विचारेल. आम्ही आयुष्यभर 'मूल्य' हा शब्द वर्गात शिकवत आलो. त्या शब्दाचा रोजचा व्यवहार जिथे चालतो तिथे जाऊन बघावं, एवढाच हेतू.

सुरुवात एका परक्या फुलापासून करू. पिओनी नावाचं फूल आपल्यापैकी बहुतेकांनी फक्त चित्रात पाहिलं असेल. मुठीएवढी गोल कळी, आणि उमलली की पाकळ्यांनी ठासून भरलेलं, ओंजळीत न मावणारं फूल. बीड जिल्ह्यात ते येत नाही आणि येणारही नाही. हिवाळ्यात कित्येक आठवडे शून्याच्या आसपासची थंडी मिळाल्याशिवाय त्याचे डोळे फुटतच नाहीत. आपला मे महिना चाळीस अंशांच्या वर जातो. पिओनीची एक रानटी जात आपल्या देशातही आहे, पण ती काश्मीरपासून उत्तराखंडापर्यंतच्या हिमालयात. मग बीडमध्ये बसून पिओनीबद्दल का बोलायचं? कारण फुलाचे वाण आणि बाजार यांचं नातं या फुलाच्या बाबतीत जवळजवळ हजार वर्षं लिहून ठेवलेलं आहे. आपल्या झेंडूबद्दल तसं कुणी लिहून ठेवलेलं नाही. म्हणून आधी तिकडचा आरसा घेऊ आणि मग त्यात आपलं तोंड बघू.

चीनमध्ये सोंग राजवटीच्या काळात, सुमारे १०३४ साली, ओउयांग शिऊ नावाच्या विद्वान अधिकाऱ्याने लोयांग शहरातल्या पिओनींवर एक छोटं पुस्तक लिहिलं. तो ज्या पिओनींबद्दल लिहितो त्या झुडपाच्या, लाकडी खोडाच्या. आज फुलदाणीसाठी जिचा व्यापार होतो ती मुख्यतः दुसरी, दरवर्षी जमिनीतून नव्याने फुटणारी. पण त्याने टिपलेला व्यवहार आपल्या कामाचा आहे.

तो सांगतो की 'याओ पिवळी' नावाच्या वाणाच्या एका कलमाची किंमत पाच हजार नाणी होती. सौदा शरदात व्हायचा, लेखी करार व्हायचा, पण पैसे मात्र वसंतात फूल डोळ्यांनी बघितल्यावरच द्यायचे. म्हणजे मधले सहा महिने जोखीम कलम विकणाऱ्याची. दुसरी गोष्ट आणखी मजेशीर आहे. लोयांगच्या लोकांना हा वाण बाहेर जाऊ द्यायचा नव्हता. कुणी बड्या अधिकाऱ्याने कलम मागितलं तर नाही म्हणायची सोय नाही. मग ते कलम गरम पाण्यात बुडवून, मारून, मोठ्या आदराने त्याच्या हाती द्यायचे! वाणाची मालकी राखण्याचा कायदा जगात पुष्कळ नंतर आला, पण वाणाची मालकी राखण्याची युक्ती ही इतकी जुनी आहे.

तिसरी गोष्ट नावाची. 'वेई' नावाचा एक प्रसिद्ध वाण होता. तो मूळ सापडला एका लाकूडतोड्याला, डोंगरात. त्याने तो खणून वेई नावाच्या मंत्र्याच्या घरी विकला. मंत्र्याच्या बागेत ते फूल बघायला लोक पैसे देऊन होडीतून जाऊ लागले. फुलाला नाव मंत्र्याच्या घराण्याचं पडलं. लाकूडतोड्याचं नाव पुस्तकात नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आणि चौथी गोष्ट, आजच्या विषयाचा गाभा. लोयांगची फुलं राजधानीला, सम्राटाकडे पाठवली जात. घोडेस्वार एक दिवस आणि एक रात्र दौडत जायचा. बांबूच्या टोपलीत भाजीची पानं भरायची म्हणजे फूल हलणार नाही, आणि देठाच्या टोकाला मेण लावायचं म्हणजे काही दिवस पाकळी गळणार नाही. फुलाला थांबवायचं कसं, हा प्रश्न हजार वर्षांपूर्वीच उभा राहिला होता. फुलांच्या व्यापाराचा सगळा इतिहास या एका प्रश्नाच्या उत्तरांचा इतिहास आहे, असं आम्हाला वाटतं.

आता युरोपात या. एकोणिसाव्या शतकात चिनी पिओनी फ्रान्समध्ये पोचली आणि तिथल्या रोपवाटिकांनी नवे वाण काढायला सुरुवात केली. 'फेस्टिव्हा मॅक्सिमा' १८५१ चा, पांढरा, मध्ये लाल ठिपके. 'डचेस द नमूर' १८५६ चा, पांढरा आणि सुगंधी. आणि १९०६ साली नान्सी गावच्या लमुआन घराण्याने काढलेला गुलाबी 'सारा बर्नहार्ट', एका गाजलेल्या नटीच्या नावाचा. आश्चर्य बघा. मोबाइल फोन दोन वर्षांत जुना होतो, पण फुलबाजारात हा शंभर वर्षांहून जुना वाण आजही पुढच्या रांगेत आहे. १९६४ चा 'कोरल चार्म' सोडला तर त्याच्या तोडीला आलेले नवे वाण मोजकेच.

हे का झालं? सारा बर्नहार्ट हे काही सगळ्यात सुंदर पिओनी नव्हे. जाणकार बागवान तुम्हाला त्याहून देखणे पन्नास वाण दाखवतील. पण त्याची कळी थांबते. पिओनीची कळी बोटांनी दाबून बघतात. गोटीसारखी कडक असेल तर तोडायची नाही, ती उमलणारच नाही. किंचित मऊ लागली की तोडायची. अशी कळी शून्य ते एक अंश तापमानात कोरडी ठेवली तर कित्येक आठवडे झोपून राहते. मग पाण्यात ठेवली की जागी होते आणि दोन दिवसांत उमलते. म्हणजे शेतकऱ्याने आज तोडलं आणि बाजार पुढच्या महिन्यात चढला, तरी फूल हाताशी आहे. बाजाराने या फुलात रूपापेक्षा अधिक मोल दिलं ते या धीराला.

याचंच एक ताजं उदाहरण अलास्काचं. तिथल्या विद्यापीठाने २००१ च्या सुमारास फेअरबँक्सला पिओनीची चाचणी लागवड केली. हॉलंडची पिओनी मे-जूनमध्ये संपते. अलास्कात इतकी थंडी की तिथे ती जुलै-ऑगस्टमध्ये फुलते. जगात दुसरीकडे ताजी पिओनी फारशी नाही आणि लग्नसराई मात्र चालू, अशा वेळी अलास्काचं फूल बाजारात येतं. जी थंडी शेतीचं वैर समजली जायची, तीच त्यांचं भांडवल झाली. फूल तेच, वाणही तेच जुने. फरक वेळेचा.

आता आपल्या जिल्ह्यात येऊ. बालाघाटचे डोंगर, उत्तरेला गोदावरी, पाटोद्यात उगम पावणारी मांजरा, आणि सरासरी पाऊस साडेसहाशे-सातशे मिलिमीटर, तोही लहरी. अशा मुलखात फूल हे पीक पहिल्यापासून विहिरीच्या पाण्याशी बांधलेलं. बीड शहराजवळची खजाना विहीर आपण सगळ्यांनी पाहिली आहे. सोळाव्या शतकात, अहमदनगरच्या निजामशाहीत ती बांधली गेली आणि तिच्या पाटाच्या पाण्यावर मळे-बागा पिकत आल्या. पाणी असेल तिथे चार वाफे फुलांचे, ही आपली रीत. देवाला, लग्नाला, सणाला.

आज आपला शेतकरी विकण्यासाठी कोणती फुलं लावतो? झेंडू, शेवंती, गुलछडी, गुलाब, आणि पॉलिहाऊस असेल तर जरबेरा. यातलं एकही मूळचं इथलं नाही. झेंडू मेक्सिकोचा. गुलछडी, म्हणजे निशिगंध, तोही मेक्सिकोचा. शेवंती चीनची. जरबेरा दक्षिण आफ्रिकेचा. उघड्या शेतातला आपला आवडता लाल गुलाब 'ग्लॅडिएटर', तो १९५५ चा अमेरिकन वाण. ज्या झेंडूशिवाय दसऱ्याचं तोरण होत नाही, तो ज्ञानेश्वरांच्या काळात या मातीत नव्हता. समुद्रापलीकडून पोर्तुगीजांच्या बरोबर तो आपल्याकडे आला. मेक्सिकोच्या जुन्या नाहुआ भाषेत त्याच्या नावाचा अर्थ 'वीस फूल', म्हणजे पुष्कळ पाकळ्यांचं. तिकडे नोव्हेंबरच्या सुरुवातीला पितरांच्या सणात याच फुलाने वेदी सजवतात. पृथ्वीच्या दोन टोकांना, साधारण एकाच ऋतूत, दोन वेगळी माणसं एकाच फुलाची माळ करतात. परंपरा म्हणजे कायम होतं ते, असं समजणाऱ्यांनी झेंडूकडे जरा बघावं. कुठून आलं यापेक्षा कसं रुजलं, हे परंपरेत मोठं असतं.

आणि रुजलं किती, ते वाणांच्या नावांवरून कळतं. आज बियाण्याच्या पाकिटावर 'पितांबर' असतं, 'अष्टगंधा' असतं. पिवळा तो पितांबर, केशरी तो अष्टगंधा. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचे 'पुसा नारंगी' आणि 'पुसा बसंती' आहेत. शेवंतीत तर किती गोड नावं: झिप्री, राजा, सोनाली तारा, रेवडी. ही नावं कुणी ठेवली? लोयांगचा तो लाकूडतोड्या आठवा. बांधावर उभं राहून चांगलं झाड ओळखणारा, त्याचं बी वेगळं ठेवणारा शेतकरी, बऱ्याचदा शेतकरीण, तिचं नाव कुठल्याच वाणाला नाही.

इथे आपल्या भाषेचा एक दाखला घेऊ. 'ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो. इथे वाण म्हणजे रंग. बियाण्याच्या दुकानात वाण म्हणजे जात. संक्रांतीला सुवासिनी लुटते तेही वाण. एकाच शब्दात रंग, जात आणि देणं. फुलबाजाराचं काम मात्र या म्हणीच्या उलट चालतं. तिथे वाण लागतो आणि गुण जातो.

गुलछडीचं उदाहरण घ्या. तिचे दोन प्रकार. एकेरी पाकळ्यांची आणि दुहेरी. एकेरीला वास दाट, हार-गजऱ्याला तीच, अत्तरासाठी तेलही तिचंच काढतात. दुहेरी दिसायला भरगच्च, फुलदाणीत दांडी उभी राहते, पण वास कमी आणि सगळ्या कळ्या उमलतीलच असं नाही. बंगळूरच्या संशोधन संस्थेने दोघींचा संकर करून 'शृंगार' काढला, पुढे 'प्रज्वल' काढला. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने 'फुले रजनी' दिला. ही मोठी कामं आहेत. शास्त्रज्ञांनी वास आणि दांडी दोन्ही सांभाळायचा प्रयत्न केला. पण गुलाबात बघा. पॉलिहाऊसचा लांब दांडीचा गुलाब नाकाशी नेला तर बहुधा काहीच येत नाही. दूर जाणारं, जास्त दिवस टिकणारं फूल निवडत गेलं की सुगंध मागे पडत जातो. आपल्या वैशेषिक दर्शनात गंध हा पृथ्वीचा विशेष गुण मानला आहे. मग ज्या फुलातून गंध गेला ते फूल मातीपासून किती तुटलं, याचा विचार करून बघा.

आता मुख्य मुद्दा. फुलांचे बाजारात दोन वर्ग असतात: दांडीची फुलं आणि सुटी फुलं. दांडीची फुलं नगावर, गड्डीवर विकली जातात. सुटी फुलं किलोवर. जगाच्या व्यापारात किंमत आहे ती दांडीच्या फुलाला, कारण ते पाण्यात उभं राहतं, थंडीत झोपतं, विमानात बसतं. आपल्या झेंडूचं तसं नाही. तो आज तोडला तर आज किंवा उद्या विकायला हवा. ढिगात दाबला की आतून तापतो, पाऊस लागला की काळा पडतो.

वर त्याचा दिवस ठरलेला. दसरा! पण दसरा तिथीने येतो. २०२३ मध्ये तो २४ ऑक्टोबरला होता, २०२४ मध्ये १२ ऑक्टोबरला, २०२५ मध्ये २ ऑक्टोबरला. झाडाला पंचांग कळत नाही. लागवडीपासून साधारण दोन महिन्यांनी ते फुलणार. म्हणून शेतकरी दसऱ्यापासून उलटे दिवस मोजतो आणि लागवड करतो. अडचण अशी की सगळेच तेच मोजतात. मग खंडेनवमीला जो भाव असतो तो दसऱ्याच्या दुपारी नसतो, आणि संध्याकाळी तर रस्त्याच्या कडेला ढीग पडलेले आपण पाहतो. वाहतुकीचा खर्च निघत नाही म्हणून माल परत नेण्यापेक्षा तिथेच टाकून दिलेला. कधी आभाळच उलटतं. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, बीड जिल्ह्यात शेतं पाण्याखाली गेली, आणि दसरा तर दारात. कधी माणसाचा आजार आड येतो. २०२० चा गुढीपाडवा २५ मार्चला होता आणि देशभरची टाळेबंदी त्याच दिवशी सुरू झाली. पाडव्यासाठी वाढवलेलं फूल झाडावरच राहिलं. पिओनी असती तर शीतगृहात गेली असती. झेंडूला जायला जागा नव्हती.

आणि आपल्या जिल्ह्यात याच दिवसांना आणखी एक अर्थ आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. घरात दोन कोयते असतील तर दोन्ही जातात, म्हातारी माणसं मागे राहतात. कोरडवाहू घराला चार पैसे घरीच मिळावेत म्हणून कुणी अर्धा एकर झेंडू लावला असेल, तर त्या दोन दिवसांच्या भावावर बरंच काही ठरतं: उधारी फिटेल का, मुलीची शाळा गावातच चालू राहील का, की उचल घेऊन कारखान्याची वाट धरायची. शहरात आपण पावशेर फुलांसाठी घासाघीस करतो तेव्हा या दोन दिवसांच्या आत हे सगळं असतं.

म्हणून आमचं म्हणणं असं आहे. बाजार फुलात सौंदर्याच्या आधी थांबण्याची ताकद शोधतो. ज्या फुलात ती आहे, तिथे थांबण्याचा भार कळीवर आणि शीतगृहावर पडतो. ज्या फुलात ती नाही, तिथे तो सगळा भार शेतकऱ्याच्या अंगावर येतो. लोयांगमध्ये कलम घेणारा वसंतापर्यंत पैसे देत नव्हता, पण निदान लेखी करार होता, भाव आधी ठरलेला होता. आपला झेंडूवाला आजही पहाटे बाजारात पोचल्यावरच भाव ऐकतो.

या विचाराचं शेवटचं टोक म्हणजे प्लॅस्टिकचं फूल. कधीच न सुकणारं, अनंत काळ थांबणारं. बाजाराला हवं असलेलं परिपूर्ण फूल! त्यामुळेच ते आज मंडपात, दुकानात, गाडीच्या काचेवर सगळीकडे आहे. त्याच्यावर बंदी आणा ही फूल उत्पादकांची मागणी सरकारपर्यंत आणि उच्च न्यायालयापर्यंत गेली, ती उगाच नाही. पण कायदा आला तरी प्रश्न आपल्याला स्वतःला विचारावा लागेल. देवाला आपण फूल वाहतो ते ते टिकतं म्हणून, की ते उद्या राहणार नाही म्हणून? न सुकणाऱ्या फुलाचं निर्माल्य होत नाही. निर्माल्य होत नसेल तर वाहिलं काय?

मग करायचं काय? तत्त्वज्ञानाच्या माणसाने शेतीचा सल्ला देऊ नये, तरी इतिहासातून तीन गोष्टी दिसतात त्या सांगतो.

पहिली, वेळेची. अलास्काने वाण नवा शोधला नाही, वेळ शोधली. आपल्याकडे गावातल्या दहा जणांनी मिळून लागवड पंधरा-पंधरा दिवसांनी पुढे-मागे केली, कुणी गणपती धरला, कुणी दसरा, कुणी दिवाळी, कुणी मार्गशीर्षातले गुरुवार, तर सगळ्यांचा माल एका दुपारी येणार नाही. एकट्याने हे होत नाही, कारण दसऱ्याची आशा सोडायची कुणाची तयारी नसते. ते मिळूनच ठरवावं लागतं.

दुसरी, थांबण्याची. झेंडूची कळी थांबत नसली तरी पाकळी थांबते. वाळलेल्या झेंडूच्या पाकळ्यांपासून ल्युटिन नावाचं रंगद्रव्य काढतात, कोंबड्यांच्या खाद्यापासून औषधांपर्यंत ते लागतं, आणि दक्षिणेत त्यासाठी करारावर शेती होते. आपल्याकडे ऊन फुकट आहे. ते आपलं वैरी आहे असं आपण धरून चाललो आहोत. अलास्कातली थंडीही तशीच वैरी होती. आणि बाजाराचं अंतरही आता कमी होतंय. १७ सप्टेंबर २०२५ ला बीड शहरात पहिली रेल्वे आली. ती रेल्वे फुलांसाठी काय करू शकेल, हे विचारायची हीच वेळ आहे.

तिसरी, बियाण्याची. पूर्वी दसऱ्याचं तोरण वाळलं की त्यातली दोन-चार टपोरी फुलं मडक्यात जपून ठेवत आणि पावसाळ्यात चुरगाळून टाकत. पुढच्या वर्षीचा झेंडू तयार. संकरित वाणाचं तसं होत नाही. त्याचं बी धरलं तर पुढच्या पिढीत झाडं सारखी येत नाहीत, म्हणून दर हंगामाला पाकीट विकत घ्यावं लागतं. संकरित फूल मोठं येतं, वजन भरतं, हे खरंच आहे आणि शेतकऱ्याने ते लावूही नये असं आम्ही म्हणणार नाही. पण २००१ च्या वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने आपलं बी राखण्याचा, पेरण्याचा, देण्या-घेण्याचा हक्क शेतकऱ्याला दिला आहे. फक्त नोंदणी झालेल्या वाणाचं बी छापील पाकिटात, त्याच्या ब्रँडखाली विकता येत नाही. एवढंच नव्हे, शेतकऱ्याला स्वतः जोपासलेला वाण स्वतःच्या नावाने नोंदवताही येतो. लोयांगच्या लाकूडतोड्याला जे मिळालं नाही ते आपल्याकडे कायद्याच्या पुस्तकात आहे. ते वापरलं किती जातं, हा वेगळा प्रश्न.

आपल्यातले जे गावाकडे जाऊन-येऊन आहेत त्यांना एक विनंती करतो. घरच्या, आजीच्या, जुन्या परसातल्या झेंडूचं किंवा शेवंतीचं झाड कुठे शिल्लक असेल तर त्याचं बी, त्याचे फुटवे यंदा जपून ठेवा. ते कुणाच्या हातून आलं हेही लिहून ठेवा, आणि त्या बाईचं नाव घाला. एवढं बोलून थांबतो. काही प्रश्न असतील तर आता घेऊ.